गल्लीतली एकमेव निरोगी मुलगी

सुरतेच्या उधन्यातील एका गल्लीत आठ ते दहा वर्षे वयाच्या बावीस मुली राहतात. त्यांपैकी एकवीस आजारी आहेत आणि एकच निरोगी आहे, असा निष्कर्ष गेल्या फेब्रुवारीत एका वैद्यकीय पाहणीतून निघाला. ती एकमेव निरोगी मुलगी म्हणजे धनश्री हिलाल महाजन, वय वर्षे नऊ. तिच्या हृदयाच्या पडद्याला जन्मतः छिद्र होते. ते उशिरा लक्षात आले, आणि तोपर्यंत फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब इतका वाढला होता की एक जिना चढताच तिचे ओठ जांभळे पडत आणि दुसऱ्या जिन्याचा विषयच निघत नसे.

पाहणी खोटी होती, असे म्हणून मोकळे होता येईल; पण ते अन्यायाचे ठरेल. पाहणी करणारीने पदरचा एक शब्दही घातला नव्हता. मुलींच्या आयांनी जे सांगितले, तेच तिने जसेच्या तसे नोंदवले होते. आयाही खोटे बोलल्या नव्हत्या, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे तरी नव्हत्या. चूक शोधू गेल्यास ती कोणाच्याच पदरात पडत नाही, आणि अशा चुका निस्तरणे सर्वांत अवघड असते.

हिलाल महाजन हा मूळचा पारोळ्याकडचा. बावीस वर्षांपूर्वी तो सुरतेस आला आणि एका कापड गिरणीत तपासनिसाच्या टेबलाशी उभा राहिला; तो अद्याप तेथेच उभा आहे. टेबलाला तिरकी काच, काचेखाली दिवा, आणि त्यावरून दिवसभर सरकत जाणारे कापडाचे ताके. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की किनारीला लाल दोरा बांधायचा आणि चिठ्ठीवर नोंद करायची, एवढे त्याचे काम. ते त्याने इतक्या निष्ठेने केले होते की लग्नाच्या पंगतीतही तो समोरच्याच्या सदऱ्याकडे पाहून अस्वस्थ होई.

धनश्रीवर उपचार करणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एक संशोधन हाती घेतले होते. फुप्फुसांतला दाब वाढलेल्या मुलांच्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी किती असतात, त्यांतल्या किती जागरूक आणि किती थकलेल्या, आणि त्या एकमेकींना जे रासायनिक निरोप धाडतात ते शांततेचे असतात की कायम युद्धाचे, हे त्यांना मोजायचे होते. अभ्यासात जागा मिळालेल्या मुलाची तीन वर्षे दर तिमाहीला तपासणी होणार होती. हृदयाची सोनोग्राफी, औषधे आणि त्याच डॉक्टरीणबाई, सारे त्यात आले. जागा न मिळाल्यास अहमदाबाद. तेथे रांग आणि रांगेत उभी धनश्री. हिलालला आयुष्यात त्या जागेहून अधिक काही नको होते.

अट एकच होती. प्रत्येक आजारी मुलाबरोबर त्याच वयाचे, त्याच गल्लीतले एक निरोगी मूल हवे. अट रास्त होती. उधन्याच्या हवेत कापसाचा तंतू उडतो, गटारे आपापल्या मर्जीने वाहतात आणि त्याचा परिणाम सर्वांच्याच रक्तावर होतो. तेव्हा धनश्रीचे रक्त घोडदौड रोडवरच्या बंगल्यातल्या एखाद्या मुलीच्या रक्ताशी ताडून पाहण्यात काय अर्थ? जोडी जमली तर जागा पक्की. शनिवारी दुपारी बारापर्यंत जमली नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला.

"एवढंच ना?" हिलाल म्हणाला होता. "आमच्या गल्लीत पोरी अशा आहेत की भिंतीला धडकल्या तर भिंत दुरुस्त करावी लागते."

हे विधान खरे होते. पण ते करणारा पुरुष होता, आणि विचारायचे होते आयांना.

पाहणीसाठी डॉक्टरीणबाईंची मदतनीस कृपालीबेन आली. ही सुरतेचीच, तिशीच्या आतली, हातात टॅबलेट घेऊन चालणारी आणि विलक्षण प्रामाणिक मुलगी होती. ऐकलेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांत अंतर पडता कामा नये, असे तिचे शिक्षण झाले होते. पहिलेच घर सरलाबाईंचे लागले. गल्लीत कोणते वाण कधी द्यायचे, सुतक किती दिवस पाळायचे आणि कोणाच्या सुनेने काय म्हणू नये, हे सर्व सरलाबाई ठरवत.

"माजी, आपकी पोती की तबियत कैसी है?" कृपालीबेनने विचारले.

"काय सांगू बेन," सरलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोटमा घासच जास नही तिच्या."

आत नात तिसरी भाकरी मोडत होती.

"कितने दिन से?"

"जन्मापासून."

कृपालीबेनने नोंदवले: भूक न लागणे, नऊ वर्षे.

शेजारच्या कुसुमने आपली मुलगी रात्रंदिवस खोकते असे सांगितले. त्यापुढच्या घरातली मुलगी, आईच्या सांगण्याप्रमाणे, पायात गोळे येऊन रडत होती. ती त्या वेळी दोरीवरच्या उड्यांचा दुसरा शतकी डाव खेळत असल्याने तिची प्रत्यक्ष भेट झाली नाही. शेवटून दुसऱ्या घरात रुक्मिणी राहत असे. ती परभणीकडची, नवरा लक्ष्मण बांधकामावर. त्यांची कविता धनश्रीहून अकरा दिवसांनी लहान होती आणि कृपालीबेन आली तेव्हा पाण्याच्या टाकीवर उभी होती.

"लेकराच्या अंगात जीवच नाही बघा," रुक्मिणी म्हणाली. "वाऱ्यानं पडंल अशी गत हाय."

कविता टाकीवरून उडी मारून खाली आली आणि तिने विचारले, "आई, परत चढू का?"

कृपालीबेनने नोंदवले: तीव्र अशक्तपणा.

ज्यांना हे खोटे बोलणे वाटेल, त्यांनी कोणत्याही धडधाकट मुलाच्या आईला जाऊन विचारावे. आपले मूल ठणठणीत आहे, असे जी आई तोंडाने म्हणते, ती त्या मुलाला भर रस्त्यात उघड्यावर बसवते. मग ज्याची नजर पडायची त्याची पडते. म्हणून मुलाच्या गालावर काजळाचा ठिपका लावावा आणि त्याच्या प्रकृतीवर तक्रारीचा. हा शिष्टाचार आहे, आणि शिष्टाचारात तपशील तपासायचे नसतात. 'पोटात घास जात नाही' याचा अर्थ 'देवाच्या कृपेने मूल उत्तम आहे' असा होतो, हे ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. कृपालीबेनलाही लहानपणी ठाऊक असणार. पण तिला नंतर प्रशिक्षण मिळाले होते.

उरले हिलालचे घर. वास्तविक तेथे विचारण्याचे कारण नव्हते. पण बेनचा नियम होता की घर वगळायचे नाही. दार उज्ज्वलाने, हिलालच्या बायकोने उघडले.

"आपकी बच्ची को कुछ तकलीफ?"

गेली दोन वर्षे उज्ज्वलाला हा प्रश्न अर्धी गल्ली रोज विचारत होती, आणि तोही मान एका बाजूला कलती करून. तिने एक उत्तर घडवून ठेवले होते. ते तिने नळावर दिले होते, शाळेच्या फाटकात दिले होते, मुलीच्या कपाळावर हात ठेवून स्वतःलाही दिले होते.

"मस्त शे," ती म्हणाली. "एकदम मस्त. काहीच नही तिले."

काजळाचा ठिपका तिने केव्हाच बंद केला होता. ज्या मुलीकडे पाहून कोणाला हेवा वाटण्याची सोय उरली नाही, तिच्या गालावर तो लावायचा कशासाठी?

कृपालीबेनने नोंदवले: कोणतीही तक्रार नाही.

पाहणीची प्रत नियमानुसार आरोग्य खात्याकडे गेली. एका गल्लीत नऊ वर्षे न जेवलेल्या, सतत खोकणाऱ्या, पायांत गोळे येणाऱ्या आणि वाऱ्याने पडू शकणाऱ्या एकवीस मुली एकदम सापडल्याने बुधवारी सकाळी धूर मारणारी गाडी आली. तिने दोन फेऱ्या मारल्या. पांढऱ्या धुरातून सर्व आजारी मुली आरडाओरडा करीत गाडीमागे कोपऱ्यापर्यंत धावल्या आणि धावतच परत आल्या. निरोगी मुलगी तेवढी खिडकी बंद करून आत बसली. धुराने तिला धाप लागे.

गुरुवारी हिलालला कृपालीबेनचा फोन आला. "हिलालभाई, अभिनंदन! जोडी मळी गई. शंभर टका मॅच छे. उद्या सकाळी या."

हिलालने गिरणीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. शुक्रवारी रक्त घेण्याच्या खोलीत तो धनश्रीला घेऊन बसला, तेव्हा टेबलावर दोन नळ्या मांडलेल्या होत्या. एकीवर 'रुग्ण ३१' अशी चिठ्ठी होती, दुसरीवर 'निरोगी ३१'.

"दुसरी मुलगी कुठंय?" त्याने विचारले.

"तेच विचारते मी," कृपालीबेन म्हणाली. "वय तेच, गल्ली तीच, घर पण तेच. तुम्ही सांगितलं नाही, जुळ्या मुली आहेत?"

"मला एकच मुलगी आहे."

"मग निरोगी वाली?"

हिलालने टॅबलेट हातात घेतला आणि गाठ शोधावी तसा ओळींवरून अंगठा फिरवला. यंत्राला नावे दिसत नसत. दिसत ते फक्त क्रमांक, वय आणि पत्ता. रुग्ण क्रमांक एकतीससाठी त्याने बावीस मुलींतून ती एकुलती एक निरोगी मुलगी निवडली होती. वयात एका दिवसाचेही अंतर नव्हते, आणि दोन घरांमधले अंतर शून्य मीटर होते.

"ही पण हीच आहे," हिलाल म्हणाला.

कृपालीबेन खुर्चीवर बसली. मोठ्या डॉक्टरीणबाई परिषदेसाठी परगावी होत्या, सोमवारी येणार होत्या. यंत्र शनिवारी बाराला बंद होणार होते. तिने बराच वेळ विचार केला, आणि ती प्रामाणिक असल्यामुळेच तिला पुढील मार्ग सुचला.

"जुओ हिलालभाई, कागदावर तर बधुं बराबर छे. डाव्या हातातून रुग्णाचं घेऊ, उजव्या हातातून निरोगीचं. जागा पक्की."

"उजव्या हाताची नस सापडत नाही," धनश्रीने माहिती दिली. तिला या विषयातला अनुभव दांडगा होता. "मागच्या वेळी चारदा टोचलं. रुग्णाचं उजव्यातून घ्या. निरोगी मुलीला कशाला त्रास?"

हिलालने दोन्ही नळ्यांकडे पाहिले. जागा समोर होती. फक्त मान हलवायची होती. त्याने मान हलवली नाही, याचे श्रेय सद्गुणांना देण्याचा मोह टाळला पाहिजे. बावीस वर्षांच्या सवयीने त्याची मान तशी हलेचना.

"बेन, एकच ताका दोन नंबरांनी पास करतात का?" तो म्हणाला. "मोठ्या बाई दोन्ही रक्तं शेजारी ठेवून बघतील. फरक काय निघेल? शून्य. मग त्या लिहितील, या आजारानं रक्तात काहीच बदलत नाही. मग पुढचा कुणी लिहील, आजारच नाही. मग माझी पोरगी जिन्यावर बसते ती काय गंमत म्हणून?"

"एका जोडीने एवढं नाही होत."

"तीस जोड्या आधीच्या आहेत ना? त्या बघितल्या?"

कृपालीबेनने यादी वर सरकवून दोन घरांमधल्या अंतराचा रकाना पाहिला. पुन्हा खाली सरकवली. तिला काय दिसले ते तिने सांगितले नाही, पण तिने 'निरोगी ३१'ची चिठ्ठी सोलून काढली आणि तिची छोटी गोळी केली.

"तो पछी दोन गोष्टी लागतील," ती हळू म्हणाली. "धनश्री निरोगी नाही, हे तिच्या आईने स्वतः येऊन सांगायला पाहिजे. जिने बयान दिलं तीच बदलणार, आ नियम छे. आणि दुसऱ्या कोणत्या तरी मुलीच्या आईने सांगायला पाहिजे की माझी मुलगी निरोगी आहे. उद्या बारापर्यंत."

त्या संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी सरलाबाईंच्या ओट्यावर बायका जमल्या. हिलाल उभा होता. त्याने प्रकरण मुद्देसूद मांडले आणि शेवटी विचारले की कोणाची मुलगी निरोगी आहे. वर्गणी मागितल्यावर पाहतात तशा साऱ्या बायका आपापल्या पायांच्या बोटांकडे पाहू लागल्या.

"माझी खोकते," कुसुम म्हणाली.

"कुसुमवहिनी, ती काल माझ्या दारासमोर दीड तास गाणी म्हणत होती."

"गाताना नाही खोकत. नंतर खोकते."

"हिलालभाऊ, तुम्ही शिकेल माणूस," सरलाबाई म्हणाल्या. "तोंडानं बोललेलं मीठ-मोहरीनं उतरतं. पण हे लिहून देणार, वर सही करणार, ते दवाखान्यात जाणार, मशीनमध्ये राहणार. मशीनची दिठ कशी काढायची? सांगा ना. मी मिरच्या घेऊन तिथं जाऊ?"

"फॉर्मवरच एक काजळाचा ठिपका लावू," कुणीतरी सुचवले.

"फॉर्मवर खूण केली तर फॉर्म बाद," हिलाल म्हणाला. त्याने ही शक्यता आधीच तपासली होती.

मग सर्वांच्या नजरा हळूहळू रुक्मिणीकडे वळल्या, कारण कविता त्या क्षणी विजेच्या खांबाच्या निम्म्यावर होती.

"माझ्याकडं बघू नका," रुक्मिणी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझं पहिलं पोरगं व्हतं. गावाकडं सुदृढ बालक स्पर्धा झाली, त्यात त्याचा पहिला नंबर. कागद दिला, त्यावर लिव्हलं होतं, निरोगी अन् सुदृढ. सायबाची सही, गोल शिक्का. ह्यांनी फ्रेम करून लावला भिंतीला. त्या साली दिवाळी बघितली नाही लेकरानं." तिने खांबाकडे पाहिले. "मी कागदावर लिव्हून देणार नाही. कुणाच्या पाया पडायला लावू नका."

हिलाल वाद घालणारा माणूस होता. त्याच्याजवळ याला उत्तरही होते. साथ, ताप, कारणे, तारखा. ते उत्तर योग्य होते, आणि ते त्याने दिले नाही.

उज्ज्वला इतका वेळ दाराला टेकून बसली होती. ती म्हणाली, "जाऊ द्या. नका मागे लागू तिच्या. आपली पोर मस्त शे."

"मस्त हाय ना?" रुक्मिणी फणकारली. "रोज सांगतीस. मग तिचंच रक्त घ्या की दोन्ही बाजूंनी! सगळ्या आजारी पोरी आमच्याच, एक तुझीच तेवढी धडधाकट!"

उज्ज्वलाने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

तेव्हा हिलाल ओट्याच्या पायरीवर बसला आणि तो हयातीत प्रथमच बायकांशी कापडाविषयी बोलला.

"आमच्याकडं एक रीत आहे. ताका कितीही चांगला निघाला तरी तपासनीस चिठ्ठीवर शून्य दोष लिहीत नाही. शून्य लिहिलं की शेठ म्हणतो, हा झोपला होता, आणि सगळा ताका उलटा उघडायला लावतो. म्हणून चांगल्यातल्या चांगल्या ताक्याला आम्ही एक दोष लिहितो. खरा असतो, पण बारका. किनारीला गाठ एक. तो दोष लिहिला की ताका पास. कुणी परत त्याच्याकडं बघत नाही."

"कुणी बघत नाही?" रुक्मिणीने विचारले.

"कुणीच नाही. दोष लिहिलेला ताका सुखानं जातो."

"मग पोरीला पण..."

"कविताला काय झालंय? खरं सांगा. बारकं काहीतरी."

सर्वांनी खांबाकडे पाहिले. कविता खाली घसरत होती. जमिनीवर आल्यावर तिने डावा गुडघा पुढे केला. तो दुपारी टाकीवरून उतरताना सोलवटला होता. सरलाबाईंनी तिला जवळ ओढून जखम उजेडात नीट पाहिली, जशी त्या बाजारात वांगी पाहत.

"चांगला शे ओरखडा," त्यांनी निर्णय दिला. "चालेल."

रुक्मिणीने कविताच्या गुडघ्यावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "मी येते. पण मी एकटी तोंड उघडणार नाही. आधी उज्ज्वलानं तिच्या पोरीचं खरं सांगायचं. मग मी माझ्या पोरीचं सांगते."

शनिवारी साडेअकराला त्या दोघी कृपालीबेनच्या टेबलासमोर बसल्या; मागे हिलाल, आणि बाकावर दोन्ही मुली. पाहणी नव्याने सुरू झाली.

"आपकी बच्ची को कुछ तकलीफ?"

"नही," उज्ज्वला म्हणाली.

कृपालीबेनने बोट अधांतरी थांबवले. "परत विचारते. कुछ तकलीफ?"

"नही." उज्ज्वला स्वतःच दचकली. उत्तर तिच्या परवानगीशिवाय बाहेर आले होते. दोन वर्षांत ते इतके गुळगुळीत झाले होते की त्याला कोठेही धरता येत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले. हिलालने तोंड उघडले, पण बेनने मान हलवली. बयान आईचे हवे.

"आई," बाकावरून धनश्री म्हणाली, "बारा वाजतील ना."

"मनी पोर..." उज्ज्वला म्हणाली आणि थांबली. "मनी पोर बिमार शे."

आणि मग तिला थांबताच येईना. मुलगी दोन उशांवर झोपते, हे तिने सांगितले. जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसून ती चप्पल सुटल्याचे सोंग करते, पण चप्पल सुटलेली नसते. गेल्या चैत्रात किती दिवस ताप होता, पावसाळ्यात कितीदा छाती भरली, गणपतीत तिने एक फेर धरला आणि नंतर दोन दिवस ती बोलली नाही, हेही सांगितले. तारखा सांगितल्या, वार सांगितले, नखांचा रंग सांगितला. दवाखान्याच्या कोणत्याही फाइलीत इतकी नेटकी नोंद नव्हती. कृपालीबेनची बोटे मागे पडू लागली, तरी ती एक शब्द गाळत नव्हती. रुक्मिणीने उज्ज्वलाच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि तो उचलायचे तिला भान राहिले नव्हते.

अकरा बावन्नला उज्ज्वलाचे सांगणे संपले.

"आता तुम्ही, मासी. लवकर."

रुक्मिणीने टेबल दोन्ही हातांनी धरले. "माझी पोरगी," ती म्हणाली, मग डावीकडे थू केल्यासारखे केले, मग उजवीकडे. "माझी पोरगी निरोगी हाय. पण ढोपर फुटलंय. लिव्हा. डावं ढोपर. आधी ते लिव्हा, मग दुसरं लिव्हा."

गुडघ्यासाठी यंत्रात जागा नव्हती. कृपालीबेनला 'इतर' नावाचा रकाना सापडला. यंत्राने विचारले, हृदयरोग आहे काय. दमा आहे काय. दोन आठवड्यांत ताप आला काय. नाही, नाही, नाही. ओरखड्याला त्याची हरकत नव्हती. मात्र आधीच्या 'तीव्र अशक्तपणा'चे काय झाले, हे त्याला हवे होते. 'शिष्टाचार म्हणून सांगितले' असा पर्याय नव्हता. बेनने 'पूर्ण बरी झाली' यावर बोट ठेवले. अकरा सत्तावन्नला हिरवी खूण उमटली, आणि हिलालने बावीस वर्षे दिव्याच्या उजेडात ताणलेले डोळे मिटून घेतले.

रक्त घ्यायला दोघींना शेजारी बसवले. धनश्रीने डावा हात पुढे केला आणि ती पंख्याकडे पाहत राहिली. टाकीवरून उड्या मारणाऱ्या, खांबावर चढणाऱ्या कविताने मात्र सुई पाहिली, 'आई' म्हटले आणि ती खुर्चीतून सरळ खाली घरंगळली.

"पंख्याकडं बघायचं असतं," धनश्री तिला वरून सांगत होती. "पाती मोज. मी दर वेळी मोजते. तीनच असतात, पण वेळ जातो."

रुक्मिणीचा चेहरा घाबरण्याऐवजी उजळला. "लिव्हा!" ती कृपालीबेनला म्हणाली. "चक्कर आली लिव्हा! ढोपर अन् चक्कर, दोन दोष!"

"मासी, लिहिलं तर ती बाद होईल."

"मग नका लिव्हू," रुक्मिणीने लेकीच्या तोंडावर पाणी शिंपडत समाधानाने म्हटले. "मला माहीत हाय तेवढं पुरं."

परतताना हिलालने स्टेशनजवळ सर्वांना लोचो, म्हणजे वाफवलेल्या डाळीचा सुरती फराळ, खाऊ घातला आणि धनश्रीसाठी एक द्रोण बांधून घेतला. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली, तेव्हा सरलाबाई ओट्यावर वाट पाहत होत्या. मशीनने कोणाला काय केले, हे त्यांना ताबडतोब कळायला हवे होते.

"मिळाली जागा?"

"मिळाली," हिलाल म्हणाला. "तीन वर्षं. त्याच डॉक्टर."

सरलाबाईंनी धनश्रीकडे पाहिले. या गल्लीतल्या बावीस मुलींत हिच्याकडेच तीन वर्षे मोठ्या डॉक्टरीणबाई लक्ष देणार होत्या. कुसुमही दारात आली होती. तिनेही पाहिले, आणि तिच्या पाहण्यात काहीतरी नवे होते. उज्ज्वलाला ते दिसले. पूर्वी तिने ते दुसऱ्यांच्या मुलींवर पडताना पाहिले होते.

"कशी शे पोर आते?" कुसुमने विचारले. तिची मान या वेळी कललेली नव्हती.

उज्ज्वलाने पदर तोंडाला लावला.

"काय सांगू माय," ती म्हणाली. "पोटमा घासच जास नही तिच्या."

सरलाबाईंनी लगेच दोन्ही हातांनी धनश्रीचे तोंड कुरवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटे कडाकडा मोडली. दहाच्या दहा बोटे वाजली. "हो ना," त्या म्हणाल्या, "वाळूनच चालली बिचारी." आणि काजळाची डबी आणण्यासाठी त्या आत वळल्या.

धनश्रीने द्रोणाच्या तळाशी राहिलेला लोचो बोटाने गोळा केला, आणि अजून आहे का, असे बापाला विचारले.